आधी तिलाच सांग

‘आक्का, प्रीती प्रीती म्हणत माणसानं किती गिळायचं?’ असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे.

गिळायचं नाही, पोरी. हे आधी स्पष्ट सांगून टाकते. आपल्याकडे लग्नाच्या उपासनेत करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचतात. वाचणाऱ्याचा गळा दाटतो, आयांचे डोळे पाणावतात, आणि जेवणाच्या पंगतीत नव्या नवरीच्या हातात त्यातलं एकच वाक्य उरतं, सहन कर. पण त्याच अध्यायात पौल असंही सांगतो की खोट्यात आणि अन्यायात प्रीतीला सुख वाटत नाही, तिचं सूत सत्याशी जुळतं. हा भाग कुणी नवरीला समजावून सांगत नाही. मग ती बिचारी दहा वर्षं गप्प बसते, अकराव्या वर्षी भांडी आपटते, आणि सगळे म्हणतात, एवढी शांत होती, हिला झालं तरी काय!

आता तुझंच बघ. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, ‘आमच्या सूनबाईला घरापेक्षा वॉर्ड जवळचा.’ तुला ते लागलं. लागणारच. तू ते मला सांगितलंस, वॉर्डातल्या मैत्रिणीला सांगितलंस, कोडोलीच्या मावशीला सांगितलंस. मावशीकडून ते तुझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं आणि तो तुझ्यावरच चिडला. तिकडे कामावर इनचार्ज सिस्टरनी तुला ओळीनं दोनदा नाइट लावल्या, तर तेही सगळ्या स्टाफला माहीत आहे, अगदी वॉर्डातल्या मामांनाही. या दोन्ही गोष्टी ज्यांना माहीत नाहीत अशी माणसं दोनच, सासूबाई आणि इनचार्ज सिस्टर.

मला तुझ्याशी बोलायचं आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल. प्रभू येशूनं माणसामाणसांतल्या दुखण्यावर फार थोड्या जागी रीतसर पद्धत सांगितली आहे. बाकी सगळीकडे दाखले आहेत, गोष्टी आहेत. पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तो चक्क पायऱ्या सांगतो. भावानं तुझा अपराध केला तर जा आणि दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. ऐकलं, तर भाऊ परत मिळाला. नाही ऐकलं, तर एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीपुढे ठेव. पहिली पायरी एकांताची, गावाची पायरी शेवटची. आपण काय करतो? गावापासून सुरुवात करतो, आणि त्या माणसापर्यंत कधी पोहोचतच नाही. त्यातही आपण विश्वासणारी माणसं याला फार देखणं रूप देतो बघ. महिला मंडळात उठून म्हणतो, ‘अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचा स्वभाव जरा कठीण आहे.’ झालं, सगळ्यांना कळलं, आणि प्रार्थनाही झाली! मला याचं फार वाईट वाटतं. प्रार्थनेच्या नावाखाली कुणाची अब्रू काढू नये.

याच अध्यायात लगेच पुढे पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि येशू त्याला सातच्या सत्तरपट सांगतो. हे दोन्ही एकाच अध्यायात, एकापाठोपाठ आलं आहे, हे कधी तुझ्या लक्षात आलं का? आधी जाऊन सांग, मग क्षमा कर. आपण पहिलं गाळतो आणि दुसऱ्याचा ध्यास घेतो. मनातल्या मनात आरोप ठेवायचा, मनातल्या मनात खटला चालवायचा, आणि मनातल्या मनातच माफीही देऊन टाकायची. सासूबाईंना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊकच नाही. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलतात आणि तुला वाटतं, मी एवढी क्षमा केली आणि ही बाई सुधारत नाही. अगं, तुझं तिला कळलंय कुठं?

बोलायचं कसं, ते सांगते. वॉर्डात इतकी वर्षं काढली, तिथं रोज हेच करावं लागलं, म्हणून सांगते. वेळ निवड. नाइट करून घरी आल्यावर बोलू नकोस. तेव्हा डोळ्यांवर झोप असते आणि जिभेवर ताबा नसतो. ऑफच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, घरात तिसरं कुणी नसताना बस त्यांच्याजवळ. मेथी निवडायला घे. हाताला काम असलं की नजर चुकवायची मुभा मिळते आणि माणूस मोकळं बोलतं. एकच प्रसंग काढ. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ हे तोंडातून येऊ देऊ नकोस, कारण ‘नेहमी’ म्हटलं की त्यांना वीस वर्षांचा हिशेब द्यावा लागतो आणि त्या लगेच अंगावर येतात. सरळ म्हण, ‘आई, त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुम्ही वॉर्डाचं म्हणालात, ते मला लागलं. तुमच्या मनात काय होतं?’ आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड असतं, पण बसायचं. त्यांना उत्तर शोधायला वेळ लागेल.

काय सांगावं, त्या म्हणतील, ‘तू नाइटला असलीस की रात्री मी एकटीच जेवते.’ मी असं म्हणत नाही की त्या हेच म्हणतील. पण बोचऱ्या बोलण्यामागे पुष्कळदा असं काहीतरी साधं असतं, आणि ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

रूथ आणि नामीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ऐकवतात. ऐकवणाऱ्याचा रोख कायम सुनेकडे. बघा रूथ कशी सासूच्या मागं गेली! पण ती चार अध्यायांची गोष्ट सलग वाचून बघ. नामी काही गोड म्हातारी नाही. नवरा गेला, दोन मुलगे गेले, आणि ती बेथलेहेमात परत येते तेव्हा गावातल्या बायकांना तोंडावर सांगते, मला आता नामी म्हणू नका, देवानं माझं आयुष्य कडू केलंय. रूथ तिथंच उभी आहे, सगळं सोडून बरोबर आलेली, आणि सासू म्हणते मी रिकाम्या हातानं आले! रूथला काय वाटलं असेल? पण ती शेतात सरवा वेचायला जाते आणि संध्याकाळी सासूला विचारून, सांगून सगळं करते. पुढे नामीच म्हणते, मुली, तुझं चांगलं होईल असं घर मला तुझ्यासाठी बघायला हवं. जातीनं, देशानं परकी असलेली सून आणि दुःखानं कडवट झालेली सासू, दोघी एकमेकींशी उघड बोलत होत्या. कामाचं बोलत होत्या, पोटाचं बोलत होत्या, लग्नाचंही बोलत होत्या. त्या घरात अबोला नव्हता. माझ्या मते त्या गोष्टीतली प्रीती तिथं आहे.

आपल्या मराठी माणसांत हे बघायचं तर लक्ष्मीबाई टिळक. तू ‘स्मृतिचित्रे’ शाळेत धड्यापुरतं वाचलं असशील, आता सगळं वाच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा सनातनी घरात, सोवळ्याओवळ्यात वाढलेली. तिला सोबत घेऊन, समजावून ते पाऊल पडलं नव्हतं. घरी आकांत झाला आणि नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत गेल्या, पण आपलं सोवळं सोबत घेऊन. टिळकांनी त्यांना स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या रीतीनं राहू दिलं. तू आता ख्रिस्ती घरात आलीस, हे सोड, असा हट्ट धरला नाही. आणि हे टिळक म्हणजे स्वभावानं भडकू, एका बैठकीत खिसा रिकामा करून येणारे, न सांगता घरातून निघून जाणारे! असा माणूस बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत मात्र थांबून राहिला. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातपात गळून पडली ती त्यांच्या स्वतःच्या विचारानं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

मला त्यांच्यात सगळ्यांत काय आवडतं सांगू? ते पुस्तक १९३४ पासून भागाभागानं छापून आलं. तोवर टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, ख्रिस्ती समाजात त्यांचं नाव संतासारखं घेत होते. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा राग झाकला नाही, घरातली उपासमार झाकली नाही, आपल्यावर झालेला अन्यायही झाकला नाही. तरी पानोपानी त्यांचं त्या माणसावरचं प्रेम दिसतं. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. खरं सांगणं आणि जीव लावणं या दोन्ही गोष्टी एकाच बाईला जमल्या. आपल्या पोरींना वाटतं की यातली एक निवडावी लागते. तसं नाही गं.

आता तुझ्या वॉर्डाचं.

आपल्या भागात नर्सिंग हे ख्रिस्ती मुलींचं काम, असं अजूनही लोक म्हणतात. त्याला कारण मिरज. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. तिथं कोल्हापूर-सांगलीकडच्या किती घरांतल्या मुली शिकल्या, पायावर उभ्या राहिल्या! त्या काळात परजातीच्या, अनोळखी माणसाची जखम धुणं, त्याचं पॉट उचलणं हे घरच्यांना सांगायचीही चोरी होती. कुष्ठरोग्यांसाठीही मिरजेत वेगळं रुग्णालय झालं. त्या पहिल्या नर्सनी प्रीतीवर प्रवचन दिलं नसेल, त्यांनी ड्रेसिंग बदललं.

तुझी पेशंटवरची माया मला माहीत आहे. तिथं तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आपल्या पेशात कसोटी लागते ती दुसरीकडे, बरोबरीच्या माणसांत. पेशंट ओरडला तर आपण म्हणतो, त्याला दुखतंय. डॉक्टर ओरडले तर म्हणतो, दमलेत. आणि हँडओव्हर देताना सहकारी सिस्टर एक नोंद विसरली, की तिचा उद्धार अख्ख्या स्टाफरूममध्ये! तुझ्या दोन नाइटचंही तसंच. तू इनचार्ज सिस्टरना विचारलंस का, चार्ट असा का लागला? कुणाची प्रसूतिरजा असेल, कुणी राजीनामा दिला असेल. किंवा खरंच त्यांनी पक्षपात केला असेल. पण ते विचारल्याशिवाय तुला कळणार नाही. त्यांच्या खोलीत जा, दार लावून घे, चार्ट समोर ठेव आणि विचार. पुढच्या महिन्यात भरपाई कशी करता येईल, तेही तूच सुचव. नाही ऐकलं तर मग मेट्रनकडे जायला तू मोकळी आहेस, आणि जाताना त्यांना सांगून जा की मी आता वर बोलणार आहे. पाठीमागून जाऊ नकोस.

आणि वॉर्डातल्या मावशी! ठेकेदारामार्फत आलेल्या त्या बायकांचा पगार अडकला, की आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि इंजेक्शन भरायला घेतो. लेवीयमध्ये मजुराची मजुरी रात्रभरही ठेवून घेऊ नको म्हटलंय. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. आपल्या देशाच्या कायद्यातही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यायचा आहे. तू त्यांचा पगार करत नाहीस, मान्य. पण त्यांना अर्ज लिहून देता येतो, ऑफिसात त्यांच्याबरोबर जाता येतं. आणि घरी धुणंभांडी करणाऱ्या ज्या येतात, त्यांचा पगार तर तुझ्याच हातात आहे. तो ‘उद्या देते, सुट्टे नाहीत’ म्हणून पुढे ढकलायचा नाही. नाताळात करंज्या, शंकरपाळ्यांचा डबा त्यांना दे, जरूर दे, पण आधी पगार.

तुला वाटेल, आक्का घरच्या भांडणाला फार मोठं करते आहे. मोठं नाहीच. पण जवळच्यांशी न बोलण्याचा आजार आपल्याला सगळ्यांनाच आहे, चांगल्या चांगल्या माणसांना आहे. कोल्हापुरात सुवार्तेचं काम ज्यांनी १८५२ मध्ये सुरू केलं, ज्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आपण रोज बघतो, त्या रॉयल वाइल्डरसाहेबांचंही त्यांच्याच मातृसंस्थेशी शाळांच्या धोरणावरून बिनसलं. वाद छापील पुस्तिकांपर्यंत गेला. पुढे ते स्वतंत्रपणे इथं काम करत राहिले, आणि १८७० मध्ये ते काम प्रेसबिटेरियन मिशनकडे आलं. कोण बरोबर होतं हा निवाडा मी करणार नाही. पण देवासाठी घरदार सोडून समुद्रापार आलेल्या माणसांनाही आपल्याच माणसांशी जमवून घेणं एवढं जड गेलं. मग जागेवरून, पदावरून कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या आजच्या मंडळ्यांबद्दल काय बोलू? मन दुखतं.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुला आठवतो. पंचगंगा शहरात शिरली, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद. त्या वेळी या गावानं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. तालमीची पोरं कमरेइतक्या पाण्यातून म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन येत होती, मशिदीत, मंदिरात, चर्चमध्ये, शाळांत चुली पेटल्या होत्या, कुणी कुणाची जात विचारली नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा तेच. कोल्हापूरकराचं मन मोठं आहे, यात शंका नाही. आणि याच गावात, याच माणसांत, बांधावरून सख्ख्या भावाशी पंधरा पंधरा वर्षं अबोला असतो. परक्याला पुरातून बाहेर काढणारा हात शेजारच्या खोलीतल्या भावाचं दार वाजवत नाही. संकटातलं प्रेम चार दिवसांचं असतं, तेवढं आपल्याला झेपतं. जवळच्या माणसावर मंगळवारी, बुधवारी, भाजीत मीठ जास्त झालेल्या दिवशी प्रेम करायचं असतं, आणि त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव, आणि तुझ्या मैत्रिणींनाही सांग. एकांतात जाऊन बोल, हे सांगितलंय ते बोचणाऱ्या शब्दांसाठी, विसरलेल्या नोंदीसाठी, अन्यायाच्या चार्टसाठी. जिथं मारहाण आहे, धमकी आहे, अंगाला नको तो हात लागतोय, तिथं एकटीनं दार लावून बोलायला जायचं नाही. कुणी मंडळीतलं मोठं माणूस ‘सहन कर, प्रभूकडे सोपव’ म्हणालं तरी नाही. दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूला प्रमुख याजकासमोर एकानं चपराक मारली. तेव्हा त्यानं काय केलं, योहानाच्या अठराव्या अध्यायात वाच. तो गप्प राहिला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं त्यानं सरळ विचारलं. मारणाऱ्याचं वाईट चिंतलं नाही, पण त्याचं मारणं ठीक आहे असंही म्हटलं नाही. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. कामाच्या जागी छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायला हवी, आणि तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तारीख, वेळ, साक्षीदार, सगळं लिहून ठेवायचं. हा मार्ग धरणारी बाई प्रीतीत कमी पडली, असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

तुझं तसं नाही, हे तूच मला सांगितलंस. सासूबाई फटकळ आहेत, पण तू तापानं फणफणलेली असताना रात्रभर उशाशी बसणाऱ्या त्याच होत्या. म्हणून तुला हा पहिला, साधा रस्ता सांगते आहे.

एक शंका उरते. बोललीस आणि त्या म्हणाल्या, ‘इतकंसं बोललं तर एवढं काय लावून घेतेस?’ तर? तर वाद घालू नकोस. ‘बरं, पण मला लागलं एवढं तुम्हाला ठाऊक असावं,’ म्हण आणि मेथी निवडत राहा. पहिल्याच दिवशी सगळं मिटावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. काही माणसांना ऐकलेलं पचायला महिना लागतो, आणि मग ती त्याबद्दल एक शब्द न बोलता तुझ्या नाइटच्या डब्यात तुझ्या आवडीची भाजी घालतात. तोच त्यांचा जबाब समज. आणि तसंही झालं नाही, तर दुसऱ्या पायरीला नवऱ्याला बरोबर घे, पण त्याला आधी नीट सांग की बाजू घ्यायला नाही, नुसता बसायला ये.

गुरुवारी तुझा ऑफ आहे ना? तोवर कोडोलीला फोन करू नकोस. मैत्रिणीनं विचारलं तर म्हण, बोलायचंय अजून. आणि मलाही आधी काही सांगू नकोस. त्यांच्याशी बोलून झालं, की संध्याकाळी कर फोन.